लाइपझिगमधील स्वरांची पेढी

पूर्व जर्मनीतील लाइपझिग हे शहर मूळचे व्यापाऱ्यांचे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणारा असे युरोपचे दोन जुने राजमार्ग येथे एकमेकांना छेदत. १४९७ मध्ये सम्राट माक्सिमिलियनने येथील बाजारजत्रांना सनद दिली आणि नाना देशांचे व्यापारी येथे दुकाने मांडू लागले. जुन्या गावठाणातील वाड्यांची रचना आजही त्याची साक्ष देते. एका रस्त्यावरून मालाची गाडी वाड्याच्या चौकात शिरे, माल उतरवी आणि तोंड न वळवता पलीकडच्या रस्त्यावर निघून जाई. आज त्या चौकांतून काचेच्या छताखाली दुकाने आणि उपाहारगृहे थाटली आहेत. तरी ज्याच्या घरात चार पिढ्या घाऊक व्यापार झाला, त्याच्या नजरेस त्या कमानींची रुंदी चटकन भरते.

या गावाने कापड विकले, पुस्तके विकली आणि आणखी एक माल विकला, जो हातात घेतला तर केवळ कागद असतो. एकोणिसाव्या शतकात व्हायोलिन, व्हिओला, चेलो किंवा पियानो वाजवणाऱ्या माणसाच्या समोरच्या घोडीवर जे छापील पान उभे असे, ते फार मोठ्या प्रमाणात लाइपझिगहून आलेले असे. आउगुस्टुसप्लाट्झ या भव्य चौकात एका बाजूस ऑपेरागृह आणि समोर गेवांडहाउस हे वाद्यवृंदाचे सभागृह आहे. तेथून पूर्वेकडे दहा मिनिटे चालले की मुद्रकांची पेठ लागते. वाट चुकण्याची भीती नाही. शहराने सुमारे पाच किलोमीटरची एक संगीतवाट आखली आहे आणि तिच्यासाठी फरसबंदीत पोलादाच्या वळणदार पट्ट्या बसवल्या आहेत. त्या पायाखाली ठेवून चालत राहावे.

त्या पानाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे चीज गळ्यातून गळ्यात जाते. पंडित भातखंडे यांनी शेकडो चिजा स्वरलिपीसह मराठी पुस्तकांत छापल्या, परंतु ते पुस्तक उघडून कोणी मैफल करीत नाही. युरोपच्या अभिजात संगीतात मात्र रचनाकाराने प्रत्येक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर आणि गज एका ओढीत किती स्वरांवरून फिरवायचा तेही लिहून ठेवलेले असते. रचनाकार दोनशे वर्षांपूर्वी निवर्तला; गुरू असला तरी त्याच्याही हाती तेच पान. छापणाऱ्याने एक ठिपका चुकवला तर तो चुकीचा स्वर लिस्बनपासून मुंबईपर्यंत निष्ठेने वाजवला जातो. म्हणून या धंद्यात छापणाऱ्याची पत हाच खरा माल.

आणि काम सोपे नव्हते. कथील व शिशाच्या मिश्रधातूची मऊ पाटी घ्यायची. पाच दात्यांच्या अवजाराने तिच्यावर पाच समांतर रेषा ओढायच्या. मग पोलादी ठसे हातोडीने ठोकून स्वरांची डोकी, चिन्हे आणि अंक उमटवायचे, आणि वक्र रेषा कोरणीने कोरायच्या. हे सर्व आरशातल्यासारखे उलटे, उजवीकडून डावीकडे. चूक सापडली की पाटी पालथी घालून त्या जागी मागून ठोकायची, धातू वर आणून सपाट करायचा आणि नवा ठसा मारायचा. चांगला कारागीर आणखी एक हिशेब मनात ठेवी. चेलो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तेव्हा पान उलटायची वेळ नेमकी विरामावर आली पाहिजे. त्यासाठी आधीच्या दोन पानांवरील स्वर किंचित दाटीने किंवा सैल बसवावे लागत. ऐकणाऱ्याला या श्रमांची कल्पनाही येत नाही आणि येऊ नये हेच बरे.

पेठेच्या तोंडाशी योहानिसप्लाट्झ आहे. येथे ग्रासी संग्रहालयाची मोठी इमारत उभी आहे आणि तिच्या मागे झाडांनी भरलेली, आता बाग झालेली जुनी दफनभूमी. योहान सेबास्टियन बाखला १७५० मध्ये याच परिसरात पुरले होते. त्याचे अवशेष विसाव्या शतकाच्या मध्यास टोमास चर्चमध्ये हलवण्यात आले. त्याची दुसरी पत्नी आना माग्डालेना १७६० मध्ये वारली, तीही येथेच विसावली. तिचे थडगे मात्र दाखवता येत नाही. पतीच्या निधनानंतर दहा वर्षे जगलेली ही स्त्री अखेरीस धर्मादायावर दिवस काढीत होती.

चेलो वाजवणाऱ्या प्रत्येकाने या बागेत क्षणभर थांबावे असे तिचे ऋण आहे. बाखने १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा रचनामाला लिहिल्या. सोबतीला दुसरे वाद्य नाही. चार तारा आणि एक गज, एवढ्यावर संपूर्ण इमारत. बाखच्या स्वतःच्या हातची प्रत हरवली. आना माग्डालेनाने लाइपझिगच्या संसारात, मुलाबाळांच्या गजबजाटात, त्या सहाही रचना सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या. ती प्रत आज बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे. तिचे स्वर बहुतांशी चोख आहेत. परंतु गजाची ओढ दाखवणाऱ्या वक्र रेषा घाईने काढलेल्या, कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात याचा नेम नाही. एक रेषा तीन स्वरांवर आहे की चार, या प्रश्नावर गेली दोनशे वर्षे विद्वान आणि वादक भांडत आहेत. गृहिणीने लिहिलेल्या हिशेबाच्या वहीवर सर्वोच्च न्यायालयात दावा चालावा, तसा हा प्रकार.

या सहा रचना बाखच्या मृत्यूनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, १८२४ च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रथम छापल्या गेल्या, आणि लगोलग लाइपझिगमध्येही. १८२६ मध्ये त्या काढणारी ब्राइटकोफ आणि हेर्टेल ही पेढी १७१९ पासून चालत आलेली. जगातल्या जुन्यात जुन्या संगीत प्रकाशकांत तिची गणना होते. सुट्या खिळ्यांनी संगीत सुबक छापण्याची रीत अठराव्या शतकाच्या मध्यास या घराण्यातील योहान गोटलोब इमानुएल ब्राइटकोफ याने घालून दिली.

तिची पत मोठी होती, तरी डाग लागले नाहीत असे नाही. १८०९ मध्ये तिने बीथोव्हेनची ‘अ’ मेजरमधील चेलो व पियानोची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा मुखपृष्ठावरचा क्रमांकच चुकला होता: ६९ च्या जागी ५९. आतील चुकांची यादी बीथोव्हेनने त्याच उन्हाळ्यात व्हिएन्नाहून लिहून पाठवली. त्यातील काही चुका पुढील कितीतरी आवृत्त्यांतून वंशपरंपरेने चालत राहिल्या. १८११ मध्ये दुसऱ्या काही रचनांवरून त्याचा संयम सुटला, आणि आपले प्रकाशक म्हणजेच एक सगळी चूक आहे, अशा अर्थाचे पत्र त्याने धाडले. गंमत अशी की त्यानंतरही त्याचे हस्तलिखित त्यांच्याकडे जात राहिले. गिऱ्हाईक रागावते आणि परत येते, यातच पेढीची किंमत कळते.

योहानिसप्लाट्झहून दक्षिणेकडे टालश्ट्रासे हा रस्ता जातो. त्याच्या दहा क्रमांकाचे घर १८७४ मध्ये ओटो ब्रुकवाल्ड या वास्तुकाराने बांधले. बायरॉइटचे प्रसिद्ध नाट्यगृह बांधणारा तोच. हे घर म्हणजे सी. एफ. पेटर्स या पेढीचे मुख्यालय. दारातून आत जाणाऱ्याला नाव पेटर्सचे दिसते, पण पेटर्स हा मालकांपैकी केवळ एक. १८०० मध्ये दोन भागीदारांनी काढलेली ही पेढी त्याने १८१४ मध्ये विकत घेतली, नाव लावले आणि तेरा वर्षांनी तो वारला. पुढे हात बदलत ती माक्स आब्राहाम या कायदा शिकलेल्या ज्यू गृहस्थाकडे आली. तो १८६३ मध्ये भागीदार झाला आणि १८८० मध्ये एकटा मालक.

आब्राहामची दृष्टी खरोखर व्यापाऱ्याची होती. ९ नोव्हेंबर १८६७ या दिवशी जर्मन राज्यांत एक कायदेशीर मुदत संपली. त्या तारखेच्या तीस वर्षांआधी निवर्तलेल्या सर्व लेखकांच्या व रचनाकारांच्या कृती कोणालाही छापण्यास मोकळ्या झाल्या. त्याच सुमारास लाइपझिगच्या रेक्लाम या प्रकाशकाने स्वस्त वाङ्मयाची मालिका सुरू केली, आणि पेटर्सने संगीताची. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन, शूबर्ट हे सारे एकदम खुले झाले. धंद्यातील इतर मंडळी याला आपत्ती समजत होती. आब्राहामने रोडर या स्थानिक मुद्रकाच्या शिळाछाप वेगयंत्रावर मोठ्या संख्येने प्रती काढल्या, भाव खाली आणला आणि रंग ठरवून टाकला: मुदत संपलेल्या कृतींना फिकट हिरवे मुखपृष्ठ, आणि ज्यांचे हक्क पेढीने विकत घेतले आहेत त्यांना गुलाबी. मालिकेचा पहिला क्रमांक बाखच्या कळवाद्यासाठीच्या चोवीस स्वरमेळांच्या संग्रहाला मिळाला. मध्यम स्थितीच्या शिक्षकाला, कारकुनाला, खेड्यातील वादकाला बीथोव्हेनच्या तंतुचतुष्काच्या चार वह्या घरी ठेवणे त्यानंतर परवडू लागले.

येथे मात्र एक गोष्ट झाकून चालणार नाही. स्वस्त माल लोकांच्या हाती देताना त्यात कोणी काय मिसळले, हे त्या काळी कोणी सांगत नसे. मुखपृष्ठावर ‘अमुक यांनी संपादित’ एवढेच असे. पेटर्ससाठी बाखच्या चेलो रचना १८६० च्या दशकात फ्रीडरिश ग्रुट्झमाखर याने संपादित केल्या. तो ड्रेस्डेन येथील अव्वल दर्जाचा चेलोवादक. त्याने बोटांच्या आणि गजाच्या खुणा तर घातल्याच, शिवाय बाखने जेथे एकच स्वर ठेवला तेथे चारचार स्वरांचे समूह भरले, आणि जोर-हळूच्या सूचनांनी पान काळे केले. त्याच्या मते बाखला हेच म्हणायचे होते. वाचणाऱ्याला मात्र बाखची रेषा कोणती आणि ग्रुट्झमाखरची कोणती, हे ओळखण्याचे साधनच नव्हते. दुधात किती पाणी आहे हे गवळ्याखेरीज कोणाला माहीत नसावे, तशी ही स्थिती.

आणि तरीही दुसरी बाजू आहे. १८९० मध्ये बार्सिलोना बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात तेरा वर्षांच्या मुलाला या सहा रचनांची छापील प्रत सापडली. ती ग्रुट्झमाखरची होती असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तोवर चेलोवादक या रचनांना हात बसवण्याचे पाठ समजत. सभागृहात संपूर्ण माला क्वचितच कोणी वाजवी. पाब्लो कसाल्स या त्या मुलाने सुमारे बारा वर्षे रोज त्यांचा अभ्यास केला आणि मगच एक माला लोकांसमोर वाजवली. १९३६ ते १९३९ या काळात त्याने सहाही रचनांचे ध्वनिमुद्रण केले, आणि आज चेलो म्हटले की जगाला त्या आठवतात. लाइपझिगचा तो कागद शुद्ध नव्हता, परंतु तो पोचला. कपाटात कुलूपबंद राहिलेली निर्भेळ प्रत कसाल्सच्या हाती आली नसती.

शुद्ध प्रतीचे कामही याच गावात झाले. १८५० मध्ये येथे बाख मंडळ स्थापन झाले आणि ब्राइटकोफने पन्नास वर्षांत शेहेचाळीस खंडांत बाखचे समग्र संगीत काढले. मूळ हस्तलिखितांवरून, संपादकाची भर न घालता. चेलोच्या रचना १८७९ मध्ये निघाल्या. ते खंड जाड, महाग आणि ग्रंथालयांसाठी; वादकाच्या घोडीवर ते उभे राहत नसत. त्याच ब्राइटकोफने १९०० मध्ये गेवांडहाउसचा प्रमुख चेलोवादक यूलियुस क्लेंगेल याची खुणांनी भरलेली आवृत्ती वादकांसाठी वेगळी काढली. एकाच पेढीत दोन गल्ले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासेलच्या बेरेनरायटर आणि म्युनिकच्या हेन्ले या प्रकाशकांनी मूळ संहिता वादकाच्या हाती देण्याची रीत रूढ केली. बेरेनरायटरने २००० मध्ये तर चेलोच्या रचनांचा एक पेटाराच काढला: मधे साधे छापील पान, आणि सोबत आना माग्डालेनाच्या प्रतीसह पाच जुन्या प्रतींची हुबेहूब चित्रे. प्रत्येक वादकाने स्वतः पडताळावे आणि स्वतः ठरवावे. रेषा तीन स्वरांवर की चार, हा दावा त्यामुळे मिटला नाही, पण कागदपत्रे तरी सर्वांसमोर आली.

टालश्ट्रासेच्या घराकडे पुन्हा वळावे लागते, कारण तेथील कथा केवळ छपाईची नाही. आब्राहाम प्रकाशक होता आणि यजमानही. नॉर्वेचा एडवर्ड ग्रीग लाइपझिगला आला की याच घरात उतरे. त्याची खोली आज स्मृतिस्थान म्हणून जपली आहे. १८८३ मध्ये पेटर्सने ग्रीगची चेलो व पियानोसाठीची एकमेव मोठी रचना छापली. ती त्याने आपल्या थोरल्या भावाला, योनला, अर्पण केली होती. योनही लाइपझिगलाच चेलो शिकला आणि मग बर्गनला परतून वडिलांच्या व्यापारात बसला. दुकानाच्या गादीवर बसलेल्या भावासाठी लिहिलेले हे संगीत आहे, हे कळल्यावर त्यातील मधला संथ भाग निराळाच ऐकू येतो. पहिल्यांदा ते ड्रेस्डेनला वाजवले ग्रुट्झमाखरने, आणि काही दिवसांनी लाइपझिगला क्लेंगेलने. दोन्ही वेळा पियानोवर स्वतः ग्रीग.

१८९४ मध्ये आब्राहामने घरातच संगीताचे ग्रंथालय सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. तो अविवाहित होता. त्याचा भाचा हेन्री हिन्रिक्सेन भागीदार झाला आणि १९०० मध्ये पेढी त्याच्याकडे आली. हिन्रिक्सेनने माहलर, रेगर, श्योनबेर्ग अशा जिवंत रचनाकारांना छापले. मिळकतीचा मोठा भाग तो शहराला परत देत राहिला. हेन्रिएट गोल्डश्मिट या वयोवृद्ध शिक्षिकेने १९११ मध्ये स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढली, ती त्याच्या देणगीवर. १९२६ मध्ये कोलोनच्या हायर संग्रहातील जुनी वाद्ये विक्रीस निघाली, तेव्हा ती लाइपझिग विद्यापीठाला मिळावीत म्हणून त्याने दोन लाख मार्क दिले. ग्रासी संग्रहालयात आज दिसतात ती हीच वाद्ये. विद्यापीठाने १९२९ मध्ये त्याला सन्माननीय डॉक्टर केले.

चार वर्षांनी नाझी सत्तेवर आले. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलो, शहराला इतके दिले, आपल्याला कोण हात लावील, अशी त्या पिढीतील अनेक ज्यू व्यापाऱ्यांप्रमाणे हिन्रिक्सेनचीही समजूत होती. वॉल्टर हा मुलगा १९३६ मध्ये अमेरिकेस गेला, माक्स लंडनला. हेन्री आणि हान्स-योआखिम पेढी धरून बसले. नोव्हेंबर १९३८ नंतर त्यांना आपल्याच कार्यालयात पाऊल टाकण्यास मनाई झाली आणि १९३९ मध्ये पेढी सक्तीने विकायला लावली. हिरव्या मुखपृष्ठावरचे नाव तेच राहिले, कारण ते पेटर्सचे होते. हेन्री व त्याची पत्नी मार्था १९४० मध्ये ब्रसेल्सपर्यंत पोचली. मार्था मधुमेही होती. ज्यू म्हणून इन्सुलिन मिळेना, ती १९४१ मध्ये गेली. हान्स-योआखिम फ्रान्समधील छावणीत १९४० मध्येच वारला होता. सप्टेंबर १९४२ मध्ये चौऱ्याहत्तर वर्षांच्या हेन्रीला आउशविट्झला नेऊन मारण्यात आले.

४ डिसेंबर १९४३ च्या पहाटे ब्रिटिश विमानांनी लाइपझिगवर बाँब टाकले. मुद्रकांची पेठ जळाली. कोट्यवधी पुस्तके राख झाली आणि ब्राइटकोफची इमारत गेली. आज या भागात हिंडताना जुन्या कमानीशेजारी अचानक मोकळे मैदान किंवा साठ वर्षांपूर्वीची सपाट सरकारी इमारत लागते, त्याचे कारण ही एक रात्र.

युद्धानंतर ब्राइटकोफचे घराणे पश्चिमेस वीसबाडेनला गेले. वॉल्टर अमेरिकी लष्कराच्या गणवेशात जर्मनीत परतला. परंतु लाइपझिग सोव्हिएत ताब्यात गेले आणि पेढी पूर्व जर्मन सरकारची झाली. त्याने १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, भावाने लंडनमध्ये आणि पुढे फ्रँकफुर्टमध्येही त्याच नावाची पाटी लागली. चाळीस वर्षे तीच हिरवी वही पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंना छापली जात होती. विद्यार्थ्यांना त्याचे सुखदुःख नव्हते. लाइपझिगचा कागद जरा पिवळट असे आणि स्वस्त मिळे, एवढाच फरक.

आज जर्मनीत छापील संगीताची छायाप्रत परवानगीविना काढणे सर्वसाधारणपणे कायद्याने मना आहे. स्वतःच्या हाताने उतरवून घेण्यास मात्र त्याच कायद्यात मुभा ठेवली आहे, म्हणजे आना माग्डालेनाने जे केले ते अजूनही कोणालाही करता येते.

स्त्रीशिक्षण संस्थेच्या रस्त्याला आता गोल्डश्मिट यांचे नाव आहे, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एक रस्ता हिन्रिक्सेनच्या नावाचा आहे. २०१४ मध्ये पेटर्स पेढीने आपले जर्मन कार्यालय फ्रँकफुर्टहून हलवले आणि टालश्ट्रासे १० मध्ये, आब्राहामने बांधलेल्या त्याच घरात पुन्हा टेबले मांडली. ग्रीगच्या खोल्यांत छोट्या मैफिली होतात. खुर्च्या थोड्या असतात. ज्याला जायचे त्याने आधी चौकशी करून जावे.